टाकीतला सह्याद्री

आमच्या विभागात दोन गोष्टी फुकट जमतात. धूळ आणि किस्से. धूळ निदान दिवाळीच्या आधी झाडून घेता येते. किस्से मात्र साठतच राहतात. मी इथे बरीच वर्षं भौतिकशास्त्र शिकवते आहे, आणि आता घरी जेवताना मी नुसतं तोंड उघडलं तरी मुलगा विचारतो, "टाकीचा आहे का?"

टाकीचाच असतो.

तर आधी टाकी. कॉलेजच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली आहे. तिथे एक जड लोखंडी चौथरा, त्यावर काचेची गोल टाकी, टाकीत पाणी आणि पाण्याच्या तळाशी एक डोंगर. मोटार लावली की हे सगळं गोल फिरायला लागतं. पृथ्वी फिरते, तिच्याबरोबर हवा फिरते, आणि त्या हवेच्या वाटेत सह्याद्रीसारखा डोंगर आला की वारा कसा वागतो, चढून जातो की वळसा घालतो, मागे भोवरे सोडतो की नाही, हे बघायचं. हवेचं काम पाणी करतं, कारण पाण्यात रंग टाकता येतो. तेच शेजारच्या टेबलावर संगणकात गणितानं करायचं आणि दोन्हींचं जमतं का ते पाहायचं.

हा उद्योग बिराजदार सरांचा. सर अक्कलकोटकडचे. घरात कानडी, वर्गात मराठी, वैतागले की पुन्हा कानडी. त्यांच्याकडे पीएचडी करणारी सुमेधा कांबळे. मोटारी आणि वायरी बघणारा आमचा लॅब असिस्टंट श्रीनिवास. त्याच्या घरी तेलुगू बोलतात, पिढ्यान्‌पिढ्या माग चालवलेले, त्यामुळे फिरणाऱ्या कुठल्याही वस्तूवर त्याचा जीव. आणि मी. माझा या कामाशी काडीचा संबंध नाही, फक्त माझं टेबल त्याच खोलीत आहे!

*

सोलापुरात वाऱ्याचा अभ्यास करणाऱ्या माणसाला लोक एकच प्रश्न विचारतात.

सुमेधा एकदा जुळे सोलापूरला माझ्या घरी आली होती. जिन्यात आमच्या सोसायटीचे चेअरमन काका भेटले. मी कौतुकानं ओळख करून दिली. काका लगेच म्हणाले, "मग पाऊस कधी?"

"काका, मी पावसाचा अंदाज नाही सांगत," सुमेधा म्हणाली. "वारा सह्याद्रीवरून इकडे कसा येतो, ते बघते."

"बरं. मग येताना पाऊस का आणत नाही तो?"

"तिकडेच पाडून येतो."

"सगळा?"

"बराचसा."

काकांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "तू किती वर्षं बघतेयस हे?"

"चार वर्षं झाली."

"चार वर्षं!" काका म्हणाले. "आणि अजून त्याला कुणी काही बोललं नाही?"

*

पहिला डोंगर आम्ही शुक्रवार पेठेतल्या एका मूर्तिकाराकडून करून घेतला. सरांनी त्याला कागदावर आकार काढून दिला होता. लांबट, बुटका, एका बाजूनं उभा आणि दुसऱ्या बाजूनं उतरता. पाण्यात टिकेल असा रंग लाव म्हणून बजावलं होतं.

डोंगर आला. आकार अगदी बरोबर, रंगही पक्का. फक्त शिखरावर एक टुमदार देऊळ होतं. कळस सोनेरी, त्यावर पत्र्याचा भगवा झेंडा.

सर गाडीवरून तसेच पेठेत गेले. मूर्तिकार म्हणाला, "सर, त्याचं पैसं धरलं न्हाईत मी. पण एवढा डोंगर हाय आणि वर देऊळ न्हाय, असं कुटं असतंय का?"

देऊळ पक्कं बसवलेलं होतं, काढायला गेलं तर शिखर फुटलं असतं. त्यामुळे आमच्या पहिल्या सगळ्या प्रयोगांत मोठ्या डोंगरामागे एक मोठा भोवरा आहे आणि त्याच्या शेजारी एक अगदी लहान, नाजूक भोवरा आहे. एका परिषदेत सरांना कुणीतरी विचारलं, हा लहान भोवरा कशामुळे? सर म्हणाले, "स्थानिक कारणं."

*

त्या देवळानं पुढे जे केलं ते ऐका.

सुमेधाचे पहिले प्रयोग फार सुरेख झाले. रंगाच्या रेघा स्वच्छ, फोटो एकाहून एक सरस. पोरीनं तीन आठवडे जेवणाचा डबा बाजूला ठेवून काम केलं. मग सगळं मांडून सरांना दाखवलं. सरांनी चष्मा वर केला, खाली केला आणि हळूच म्हणाले, "फारच सुंदर. फक्त हे सोलापूर नाही. हे ऑस्ट्रेलिया आहे."

आपल्या अर्ध्या पृथ्वीवर, वरून बघितलं तर, टाकी घड्याळाच्या उलट्या दिशेनं फिरायला हवी. आमची सुलट फिरत होती! वारा उजवीकडे वळायचा तो सगळीकडे डावीकडे वळलेला. तीन आठवडे सुमेधानं जीव तोडून दक्षिण गोलार्धाचा अभ्यास केला होता.

श्रीनिवासला बोलावलं. "मोटारीच्या वायरी उलट्या जोडल्यास का रे?"

"न्हाय सर," तो शांतपणे म्हणाला. "मुद्दाम जोडल्या. वर देऊळ हाय. उलटी प्रदक्षिणा कशी घालायची?"

सुमेधाच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्याच डोळ्यांनी ती हसायला लागली. श्रीनिवासला मात्र मनापासून वाईट वाटलं. त्यानं तिथल्या तिथे स्क्रू-ड्रायव्हर काढला. "टेन्शन कशाला घ्यालाव ताई? दोन वायरी हितल्या तितं केल्या, की आलो बघा आपण घरी."

आणि खरंच, दोन वायरींत आम्ही ऑस्ट्रेलियाहून परत आलो. जाताना मात्र श्रीनिवासनं देवळाकडे बघून हात जोडलेले मी पाहिले.

*

संगणकाचे किस्से वेगळे. तिथे मूर्तिकार नाही, त्यामुळे चुका सगळ्या आमच्याच.

मे महिन्यात तो संगणक इतका तापायचा की आम्ही आमचा कूलर त्याच्याकडे वळवायचो आणि स्वतः घामाघूम बसायचो. एकदा गणित चालता चालता बिनसलं. आकडे भराभर वाढत गेले. सुमेधा डोकं धरून बसली. "गेलं! डोंगरावर वाऱ्याचा वेग आवाजाच्या वेगापेक्षा जास्त आलाय."

श्रीनिवास दारात उभा होता. तो तत्परतेनं म्हणाला, "कूलर कमी करू का?"

*

गणितात डोंगर काढूनही बघावा लागतो. सह्याद्री असताना वारा कसा, आणि नसताना कसा, अशी तुलना करायची असते. तर एका सकाळी सुमेधानं संगणकातला सह्याद्री काढला. पश्चिमेचा सगळा घाट सपाट! नेमक्या तेव्हा ऑफिसातल्या शिंदे मॅडम कसल्या तरी सहीसाठी आल्या आणि पडद्यावरचा नकाशा बघून थबकल्या.

"इथले डोंगर कुठे गेले गं?"

"काढले मॅडम."

"काढले? सगळे?"

"सगळे. वारा मोकळा कसा जातो ते बघायचंय."

शिंदे मॅडमचा चेहरा एकदम बदलला. त्यांनी पर्स टेबलावर ठेवली, खुर्ची ओढली आणि पडद्यावर बोट ठेवलं. "हे बघ. इथे कोयनेच्या पलीकडे माझं सासर आहे. आणि हे अलीकडे, पाटणजवळ, माहेर."

सुमेधा ओशाळली. "मॅडम, हे खरं नाही. फक्त गणितात..."

"ते कळतं गं मला. मी काय म्हणते, सासर काढलंस ते काढलंस. माहेर तेवढं ठेवता येईल का?"

सुमेधानं खरंच एक फाइल त्यांच्यासाठी वेगळी केली. त्यात सगळं सपाट आणि मध्ये एकच डोंगर उभा. विज्ञानाच्या दृष्टीनं तिचा काही उपयोग नाही. पण शिंदे मॅडम वर्षातून दोनदा येऊन ती बघून जातात. नवऱ्याशी भांडण झालं असेल तर तीनदा.

*

आता आमच्या खोलीची खरी रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

टाकी सुरू केली की पाणी लगेच टाकीबरोबर फिरत नाही. आधी काच फिरते, मग कडेचं पाणी, मग हळूहळू मधलं. सगळं पाणी एकजीव होऊन टाकीच्याच वेगानं फिरायला लागलं की आम्ही म्हणतो, पाणी बसलं. त्याला अर्धा-पाऊण तास लागतो. तोवर टाकीला हात लावायचा नाही, टेबल ओढायचं नाही, जोरात दार लावायचं नाही. फक्त चहा प्यायचा. पाणी बसलं की मोटारीचा वेग किंचित कमी करायचा. मग टाकी मागे पडते, पाणी थोडं पुढे सरकतं आणि डोंगरावरून वाहायला लागतं. तोच आमचा वारा.

या वेळात कुणी धसमुसळेपणा केला की सर ओरडायचे, "सुम्न कुंदर!" म्हणजे कानडीत, गप्प बस. आधी ते पाण्याला उद्देशून असायचं, मग आम्हाला. पुढे खोलीत सगळ्यांनाच त्याची सवय लागली. श्रीनिवास मोटारीला म्हणायचा, मी मोबाइल वाजला की मोबाइलला म्हणायचे. सुमेधाला कानडीतले तेवढे दोनच शब्द येतात, पण ते ती सरांपेक्षा कडक म्हणते.

एकदा कॉलेज तपासायला कमिटी आली. आमच्या खोलीत फिरती टाकी, आणि तिच्याभोवती कप घेऊन बसलेली चार माणसं. कमिटीच्या अध्यक्षांनी टाकीत डोकावून पाहिलं. टाकीबरोबरच फिरणारा कॅमेरा वर लावलेला असतो, त्यामुळे लॅपटॉपवर सगळं जागच्या जागी दिसतं.

"प्रयोग कधी सुरू होणार?" त्यांनी विचारलं.

"सुरू आहे," सर म्हणाले.

"पण यात काहीच होताना दिसत नाहीये!"

"मग उत्तम चाललाय."

अध्यक्षांनी वहीत काय लिहिलं कोण जाणे. श्रीनिवासनं त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि आपुलकीनं म्हणाला, "बसा साहेब. पाणी बसेपर्यंत कुणालाच काम न्हाय हितं."

आणि कधी कधी मधेच लाइट जायची. "गेलं!" म्हणून आम्ही सगळे एका सुरात ओरडायचो, टाकीकडे पाठ करायचो आणि बाहेर पायरीवर जाऊन बसायचो. लाइट आली की पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा चहा.

*

आता सुमेधाबद्दल थोडं. तिचे वडील एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त झालेत. आम्ही सगळेच त्यांना आबा म्हणतो. घराण्यात कॉलेजात जाणारी हीच पहिली. पीएचडी म्हणजे नेमकं काय हे आबांनी कधी विचारलं नाही, पण संध्याकाळी त्यांचा फोन ठरलेला. इतर बाप विचारतात जेवलीस का, निघालीस का. आबा विचारायचे, "बसलं का पाणी?"

"बसलं आबा."

"मग झालं तर. ये निवांत."

आणि मग तिचा प्रबंध परत आला.

परीक्षकांचा शेरा असा: संगणकातलं गणित चांगलं आहे, पण गणितात जो खांब दिसतो तो टाकीत स्वच्छ दाखवलेला नाही. तोंडी परीक्षेच्या दिवशी प्रत्यक्ष दाखवावा. हा खांब म्हणजे मोठी गमतीची गोष्ट आहे. टाकी भरभर फिरत असेल आणि पाणी अगदी हळू सरकत असेल, तर तळाच्या बुटक्या डोंगराला वरचं पाणीसुद्धा वळसा घालून जातं. वर डोंगर नाही, काहीच नाही, नुसतं पाणी. तरी रंगाची रेघ तिथे येते आणि बाजूनं निघून जाते, डोंगर थेट वरपर्यंत गेलेला असावा तशी.

आमच्या टाकीत तो दहादा केलं की एखाद्या वेळी दिसायचा. तोही पुसट. कारण मोटारीचा वेग कमी करायला गेलं की ती हिसका द्यायची आणि खांब मोडायचा. नवीन मोटारीसाठी अर्ज केला होता, तो अर्जच राहिला. सुमेधाची मुदतवाढही शेवटची होती. या खेपेला झालं नाही तर नोंदणी रद्द.

त्या संध्याकाळी आबांचा फोन आला. तिनं आधी मोटारीचं बटण बंद केलं. मग म्हणाली, "न्हाय बसलं आबा आज."

पलीकडून आबा म्हणाले, "असू दे. उद्या बसंल की."

मी माझ्या टेबलाशी पेपर तपासत होते. एकही उत्तर मला धड दिसेना. मला त्या मोटारीचा इतका राग आला होता की उठून तिला लाथ घालावीशी वाटली.

*

तोंडी परीक्षेचा दिवस उजाडला.

परीक्षक म्हणजे उंच, कडक इस्त्रीचे, कमी बोलणारे गृहस्थ. पण सरांबरोबर चहा घेताना दोघांचं कानडी सुरू झालं. परीक्षक मूळचे गदगकडचे निघाले! दोघांनी ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी यावर मन लावून चर्चा केली. मला जरा हायसं वाटलं. पण खोलीत पाऊल टाकलं आणि परीक्षकांचा चेहरा पुन्हा इस्त्रीचा झाला.

आबा मागच्या बाकावर बसले होते. पांढरा शर्ट, मांडीवर पिशवी, पिशवीत पेढे. पेढे आणलेत हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, पण वास यायचा तो येतच होता. शेजारी शिंदे मॅडम. श्रीनिवास मोटारीजवळ.

सुमेधानं टाकी सुरू केली. पाणी बसायची वाट बघत परीक्षकांनी प्रश्न विचारले. तिनं एकेकाचं नीट उत्तर दिलं. मग घड्याळ बघून ते म्हणाले, "दाखवा आता."

तिनं रंगाची पिचकारी हातात घेतली. श्रीनिवासनं मोटारीच्या बटणाकडे हात नेला. आणि लाइट गेली.

"गेलं!" आम्ही सगळे एका सुरात ओरडलो. सवयच ती! मी आणि श्रीनिवास तर पायरीकडे निघालोसुद्धा.

सुमेधा मात्र जागची हलली नाही, तसे आम्ही दारातून मागे फिरलो. तिला पायरीवर जायला सवडच नव्हती. ती टाकीकडे बघत राहिली. मोटार बंद होती, पण तो जड चौथरा आपल्याच वजनानं फिरत होता. हिसका नाही, धक्का नाही, नुसता हळूहळू मंदावत होता. जे मोटारीला इतक्या वर्षांत जमलं नव्हतं ते लाइट गेल्यावर आपोआप होत होतं. आणि दर वेळी नेमकं तेव्हाच आम्ही टाकीकडे पाठ करून पायरीवर बसत होतो!

तिनं रंग सोडला. खिडकीतून ऊन येत होतं. जांभळी रेघ पाण्यातून डोंगराकडे निघाली.

इकडे परीक्षकांना वाटलं, संपलं. ते खुर्चीवरून उठत म्हणाले, "जाऊ दे, लाइटच नाही तर..." आणि उठताना आधाराला त्यांचा हात सरळ टाकीच्या काठाकडे गेला.

सुमेधानं मान वर न करता फर्मावलं, "सुम्न कुंदर!"

एवढ्या मोठ्या परीक्षकांना, तेही एकेरीत! बिराजदार सरांनी डोळे मिटून घेतले. शिंदे मॅडमनी माझा दंड धरला. आबांना कानडी कळत नाही, पण लेकीचा आवाज कळतो. ते बाकावर ताठ झाले.

परीक्षक बसले.

जांभळी रेघ डोंगरापाशी आली. डोंगर खाली तळाशी, रेघ पार वर. तिच्या वाटेत काहीसुद्धा नव्हतं. तरी ती थांबल्यासारखी झाली, दुभंगली आणि कुणाच्या तरी अंगावरून वळसा घ्यावा तशी दोन्ही बाजूंनी सावकाश निघून गेली. मध्ये स्वच्छ पाण्याचा उभा खांब राहिला. सर्वांत आधी आबा बोलले, अगदी हळू, "बसलं की गं पाणी."

कुणी हललं नाही. चौथरा मंदावत मंदावत थांबला. रंग पसरला, पाणी सगळं फिकट जांभळं झालं. आता कुठे सुमेधानं मान वर केली. समोर परीक्षक गुडघ्यांवर हात ठेवून, शाळेतल्या मुलासारखे गप्प बसलेले. आपण काय बोललो आणि कुणाला, हे तिला तेव्हा उमगलं. तिच्या हातातली पिचकारी खाली पडली.

परीक्षकांनी खिशातून पेन काढलं. टेबलावरच्या कागदावर सही केली, टोपण लावलं, पेन खिशात ठेवलं. पण जागचे उठले नाहीत. मग अदबीनं विचारलं,

"डॉक्टर कांबळे, आता उठलो तर चालेल का?"